ध्वनीचें स्नान

सराफाच्या दुकानांत आपण कधीं चांदीचे जुने पैंजण उजळण्यास दिले असतील, तर एक लहानसा पोलादी हौद आपल्या दृष्टीस पडला असेल. त्यांत साबणाचें कोमट पाणी असतें. सराफ पैंजण त्यांत सोडतो, कळ दाबतो, आणि रातकिड्यासारखी बारीक किरकिर सुरू होते. दोन-चार मिनिटांत घुंगरांच्या फटींतून धुराची वळी निघावी तसा काळा मळ पाण्यांत उतरूं लागतो. ब्रश नाहीं, रिठे नाहींत, घांसणें नाहीं. चष्मेवाल्याकडे आणि दंतवैद्याकडेहि हेंच यंत्र असतें. मोत्यांचे दागिने मात्र जाणता सराफ त्या हौदांत कधीं सोडीत नाहीं, कारण मोत्याची कांति त्यानें बिघडते. हा अपवाद आपण ध्यानांत ठेवावा. त्याचें काम पुढें पडणार आहे.

ह्या यंत्रांत मोटारसायकलचा कार्ब्युरेटर धुतां येतो काय, येत असेल तर कोणत्या पाण्यांत, आणि घरांतील कोणते पदार्थ त्या पाण्यांत घालावे व कोणते मुळींच घालूं नयेत, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय कांहींसा कारखानी वाटेल. परंतु ज्या घराच्या जिन्याखालीं एखादी जुनी गाडी कापड पांघरून उभी आहे, त्या घराला तो परका वाटूं नये.

आमच्या जिन्याखालीं अशी एक गाडी होती. माझ्या वडिलांनीं, म्हणजे अण्णांनीं, १९८० सालीं घेतलेली येझ्दी. म्हैसूरच्या ज्या कारखान्यांत ती तयार झाली तो १९९६ मध्यें बंद पडला, आणि योगायोग असा कीं त्याच वर्षीं अण्णाहि सेवानिवृत्त झाले. त्यानंतरहि बारा वर्षें ते तिच्यावरून मंडईत जात. पुढें गुडघे थकले, आणि २००८ सालीं गाडी जिन्याखालीं गेली ती तेथेंच राहिली. येझ्दी हें नांव २०२२ मध्यें पुन्हां बाजारांत आलें खरें, पण त्या नव्या गाड्यांत कार्ब्युरेटर नाहीं. त्यांत पेट्रोल विजेच्या नियंत्रणाखालीं फवारलें जातें. आपल्या देशांत १ एप्रिल २०२० पासून धुराविषयींचे जे कडक नियम लागू झाले, त्यांनंतर नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर जवळजवळ नाहींसाच झाला. म्हणजे जे आज आहेत ते जुने आहेत, आणि त्यांतला प्रत्येक जपूनच वापरावयाचा आहे.

२०२४ च्या श्रावणांत अण्णा मला म्हणाले, "खंडेनवमीला दर वर्षीं तिला हार घालतोस. यंदा तिचा आवाज तरी ऐकूं दे रे. मुक्या गाडीची कसली पूजा?" अण्णांचें वय तेव्हां शहाऐंशी होतें. मी शाळेंत पदार्थविज्ञान शिकवीत आलों, पण पाना हातांत धरण्याची संवय मला नव्हती. तरी "बघतों" असें म्हणून मीं कापड काढलें.

आतां ह्या कार्ब्युरेटरचें काम काय तें थोडक्यांत सांगतों. हवा अरुंद गळ्यांतून वेगानें जाऊं लागली कीं तेथें तिचा दाब कमी होतो. हें तत्त्व बेर्नुलीच्या १७३८ च्या ग्रंथापासून शास्त्राला परिचित आहे. त्या गळ्यांत एक बारीक नळी उघडून ठेवली आणि तिचें दुसरें टोंक पेट्रोलच्या वाटींत बुडविलें, तर पेट्रोल आपोआप वर ओढलें जाऊन हवेंत फवारलें जातें. अत्तराची जुनी फवारणी जशी चालते तसेंच हें. १८९३ च्या सुमारास जर्मनींत मायबाख आणि हंगेरींत बांकी व चोंका ह्यांनीं अशा फवाऱ्याचे कार्ब्युरेटर बनविले, आणि पुढें शंभराहून अधिक वर्षें जगांतील बहुतेक दुचाकी त्याच युक्तीवर धांवल्या. पेट्रोल किती यावें हें ठरविणारी जी पितळी पुळी असते तिला जेट म्हणतात. गाडी वेगांत असतां मोठ्या जेटमधून पेट्रोल येतें. गाडी जागच्या जागीं चालू असतां तें पायलट जेटमधून येतें, आणि ह्या पायलट जेटचें भोंक अर्ध्या मिलिमीटरहूनहि लहान असतें. सुईच्या नेढ्यापेक्षांहि तें अरुंद आहे. त्याच्या पुढें धातूच्या अंगांतून कोरलेल्या वाटा असतात. त्या कोपऱ्यांत वळतात, एकमेकींस मिळतात, आणि बाहेरून त्यांचा मागमूस लागत नाहीं.

गाडी वर्षानुवर्षें उभी राहिली म्हणजे वाटींतील पेट्रोल उडून जातें, पण त्यांतील जड अंश हवेशीं संयोग पावून डिंकासारखा चिकट व पुढें लाखेसारखा कठीण होतो. येझ्दीसारख्या टू-स्ट्रोक गाडींत तर पेट्रोलमध्येंच तेल मिसळलेलें असतें. पेट्रोल गेलें कीं तें सारें तळाशीं राहतें. त्यांत पावसाळ्याची दमट हवा. जस्ताच्या धातूवर पांढरी पूड चढते आणि ती अरुंद वाटांत साठते. २०२३ पासून आपल्याकडे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल मिळूं लागलें आहे. इथेनॉल हवेंतील पाणी शोषून घेतें, म्हणून चार महिने गांवीं जाणाऱ्यानें कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करून जावें, हें येथेंच सांगून टाकतों.

आमच्या पेठेंत एक वृद्ध मिस्त्री आहेत. त्यांच्याकडे कार्ब्युरेटर नेला. त्यांनीं तो उघडला, आंतील तपकिरी थर नखानें खरवडून पाहिला, आणि क्लचच्या केबलींतली एक तार काढून म्हणाले, "मास्तर, पेट्रोल घ्या, तार घ्या, पांच मिनिटांचं काम आहे."

मी म्हटलें, "मिस्त्री, तार नको. भोंक मोठं होईल."

ते हंसले. "चाळीस वर्षं तारच घालतों आहे. लोकांच्या गाड्या चालतातच ना?"

चालतात, हें खरें. पण गणित करून पाहा. भोंक चार दशांश मिलिमीटरचें आहे असें धरा. पितळ मऊ, तार पोलादी. दोन-तीनदां घांसल्यानें भोंक चारशतांश मिलिमीटरनें वाढलें, तर आपल्या डोळ्यांस कांहींच कळणार नाहीं. परंतु क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गानें वाढतें, म्हणून पेट्रोलची वाट एकवीस टक्क्यांनीं रुंद झाली. गाडी चालेल, पण धूर अधिक, पेट्रोल अधिक, प्लग काळा. शिवाय कोपऱ्यांतून वळणाऱ्या वाटांत तार शिरतच नाहीं. मिस्त्रींचा अनुभव माझ्याहून फार मोठा आहे आणि पुढें त्यांनींच मला सांभाळून घेतलें, पण ह्या एका मुद्द्यावर मी त्यांच्याशीं आजहि सहमत नाहीं.

वळणाऱ्या वाटेंत जें जाऊं शकतें तें पाणी. आणि पाण्यांत शिरून जें घांसूं शकतें तो ध्वनि. मनुष्याच्या कानाला सेकंदास सुमारें वीस हजार कंपनांपलीकडचा ध्वनि ऐकूं येत नाहीं. ह्या यंत्रांत सामान्यतः चाळीस हजार कंपनांचा ध्वनि वापरतात. कांहीं स्फटिकांवर दाब दिला असतां वीज उत्पन्न होते, हें पिएर क्युरी व त्यांचे बंधु जॅक ह्यांनीं १८८० मध्यें दाखविलें. वीज दिली तर तोच स्फटिक आकुंचन-प्रसरण पावतो, हें पुढच्याच वर्षीं सिद्ध झालें. पहिल्या महायुद्धांत पाणबुड्यांचा माग काढण्यासाठीं लांजव्हॅं ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें पोलादाच्या दोन जाड पत्र्यांमध्यें क्वार्टझ बसवून पाण्यांत श्रवणातीत ध्वनि सोडला. आज सराफाच्या हौदाच्या बुडाला जी चकती चिकटविलेली असते ती त्याच कल्पनेचें स्वस्त झालेलें रूप होय. क्वार्टझच्या जागीं आतां भाजलेली कृत्रिम माती असते, एवढाच फरक.

बूड थरथरूं लागलें कीं पाण्यांत दाब चढतो आणि उतरतो. दाब उतरला त्या क्षणीं पाणी जणूं फाटतें व अतिसूक्ष्म बुडबुडे जन्मास येतात. दाब चढला कीं ते आंतल्या आंत कोसळतात. ह्या कोसळण्याची शक्ति किती, ह्याचें गणित लॉर्ड रॅले ह्यांनीं १९१७ मध्यें मांडलें. त्या काळीं आगबोटींचे पंखे समुद्रांत खडबडीत होऊन झिजत, आणि त्याचें कारण हेच बुडबुडे होते. धातूच्या पृष्ठभागाजवळ बुडबुडा कोसळला म्हणजे पाण्याची एक बारीक धार त्या पृष्ठभागावर सणकन आदळते. जें बोटीच्या पंख्याला शाप तेंच आपल्या मळलेल्या जेटला वरदान. जेथें पाणी आहे तेथें बुडबुडा आहे, मग ती वाट कितीहि वांकडी असो.

पण "जेथें पाणी आहे तेथें" हे शब्द नीट ऐका. वाटेंत हवा अडकली असेल तर तेथें ध्वनीचें काम शून्य. हें मला ठाऊक होतें, वर्गांत मीं तें शिकविलेंहि होतें, आणि तरी पुढें मी तेथेंच फसलों.

दुसरी गोष्ट, हौदांत सर्वत्र सारखें काम होत नाहीं. पाण्यांत ध्वनि सेकंदास सुमारें पंधराशें मीटर जातो. त्यास चाळीस हजारांनीं भागलें कीं तरंगाची लांबी साडेसदतीस मिलिमीटर येते. म्हणजे दर एकोणीस मिलिमीटरांच्या सुमारास जोराचा पट्टा आणि मध्यें मंद पट्टा. ह्याची परीक्षा घरीं करतां येते. डब्यांत पोळ्या गुंडाळावयाची ॲल्युमिनियमची पातळ पन्नी हौदांत उभी धरून मिनिटभर यंत्र चालवा. जेथें जोर आहे तेथें ती टोंचल्यासारखी विंधली जाते. पन्नी मात्र चिमट्यानें धरावी. यंत्र चालू असतां बोटें पाण्यांत घालूं नयेत. ह्याच कारणानें वस्तु दर कांहीं मिनिटांनीं फिरवावी लागते.

आतां मुख्य प्रश्न पाण्यांत काय घालावें हा. येथें माझी फजिती आधीं सांगतों, कारण ती ऐकल्यावर उरलेलें समजण्यास सोपें जाईल.

तांब्या-पितळेचीं भांडीं आपल्या घरीं चिंचेनें किंवा लिंबानें लखलखीत होतात. तेव्हां मीं विचार केला, कार्ब्युरेटरवर पांढरी पूड आहे, जेट पितळी आहे, आम्ल हेंच उत्तम. स्वयंपाकघरांत लिंबूसत्त्वाची पुडी होती. दोन लिटर पाण्यांत मीं दोन मुठी घातल्या, हौद साठ अंशांपर्यंत तापविला, जेटांसकट सबंध कार्ब्युरेटर त्यांत सोडला आणि कळ दाबली. पांच मिनिटांत तो असा कांहीं उजळला कीं मी सौभाग्यवतीला हांक मारून दाखविला. तेवढ्यांत दूरध्वनि वाजला. जुन्या विद्यार्थ्याचा होता; बोलणें लांबलें. परत आलों तों अर्धा तास झाला होता. पाण्यावर सोडावॉटरसारखे बुडबुडे येत होते. कार्ब्युरेटर बाहेर काढला तर तो काळपट राखाडी, हात लावतांच बोटाला काळी पूड. ज्या नळींत स्लाइड वरखालीं सरकते ती खरबरीत झालेली. पितळी जेट ताज्या तांब्यासारखे गुलाबी. आणि जेट ज्या आट्यांत बसतात त्या आट्या अर्ध्याअधिक खाल्ल्या गेलेल्या.

काय झालें होतें? कार्ब्युरेटरचें अंग जस्ताच्या मिश्र धातूचें होतें. जस्त आम्लांत विरघळतें आणि हायड्रोजन निघतो. ते बुडबुडे त्याचेच. पितळ म्हणजे तांबें आणि जस्त. त्यांतीलहि जस्त पृष्ठभागावरून आधीं निघून गेलें आणि तांबें उघडें पडलें, म्हणून तो गुलाबी रंग. आट्यांची गोष्ट याहून बोधक आहे. जस्त, त्याला लागून तांब्याची धातु, आणि भोंवतीं आम्ल, हा तर व्होल्टानें १८०० सालीं केलेल्या विजेच्या राशीचा नमुना झाला! जेट न काढतां मीं हौदांत एक विद्युत्घट तयार केला होता, आणि त्यांत जस्ताचा बळी नेहमींच जातो. त्यांत उष्णतेनें वेग वाढला. ध्वनीनें विरघळलेला थर क्षणोक्षणीं झाडून टाकून आम्लाला ताजी धातु पुरविली. मुलांना हा पाठ मीं किती वेळां शिकविला असेल! अण्णांनीं तो काळा ठोकळा हातांत घेऊन उलटसुलट पाहिला. रागावले नाहींत. "चव्वेचाळीस वर्षांत ह्याला कांहीं झालं नव्हतं," एवढेंच म्हणाले. रागावले असते तर बरें वाटलें असतें.

मग उलट बाजूस, म्हणजे धुण्याच्या सोड्याकडे जावें काय? तेंहि नाहीं. ज्या गृहिणीनें ॲल्युमिनियमचें पातेलें कधीं धुण्याच्या सोड्यांत भिजत टाकलें असेल तिला तें काळें पडल्याचें आठवत असेल. जस्त आणि ॲल्युमिनियम ह्या दोन्ही धातूंचा स्वभाव असा कीं त्यांना आम्लहि खातें आणि तीव्र अल्कलीहि खातें. आणि कार्ब्युरेटरचें अंग बहुधा ह्या दोहोंपैकींच एकाचें असतें. म्हणून धुण्याचा सोडा नको; मोरी मोकळी करण्याच्या भुकटींत कॉस्टिक सोडा असतो, तिचें तर नांवहि काढूं नये. कपडे पांढरे करण्याचें क्लोरीनचें पाणी धातु कुरतडतें, आणि व्हिनेगरशीं किंवा लिंबूसत्त्वाशीं त्याची गांठ पडली तर विषारी वायु निघतो. तेव्हां तें त्या खोलींतसुद्धां नको. अमोनियाचें द्रावण ग्रीस चांगलें काढतें, परंतु पितळाला तें घातक आहे.

राहिलें काय? राहिला भांडीं घांसण्याचा पातळ साबण. ऐकावयास फार साधें वाटतें, पण घरगुती पदार्थांत ह्याहून चांगला मला मिळाला नाहीं. दोन लिटर पाण्याला एक-दोन चमचे पुरेत. अधिक घातल्यानें फेस होतो, काम वाढत नाहीं. घांसण्याचें काम ध्वनि करतो. साबणानें करावयाचें तें इतकेंच कीं पाण्याला बारीक वाटेंत शिरूं द्यावें आणि सुटलेला तेलकट मळ पुन्हां चिकटूं देऊं नये. पांढरी पूड साबणानें जात नसेल तर एक भाग व्हिनेगर आणि चार भाग पाणी, तेंहि थंड, जेट काढून ठेवून, दोन-तीन मिनिटें, आणि तेवढा वेळ तेथून हलूं नये. लगेच खाण्याच्या सोड्याच्या पाण्यांत बुचकळून आम्ल मारावें व स्वच्छ पाण्यानें धुवावें. दूरध्वनि वाजला तर वाजूं द्यावा.

ह्याहून महत्त्वाची सूचना आतां करतों. कित्येकांना वाटतें कीं पेट्रोलचा मळ पेट्रोलनेंच जावयाचा. तेव्हां हौदांतच पेट्रोल, रॉकेल, थिनर किंवा स्पिरिट ओतावें. श्रोते हो, हें कृपा करून कोणीं करूं नये. हौदाखालीं वीज आहे, कित्येकांत तापविण्याची तारहि आहे, ध्वनीमुळें द्रवाची बारीक वाफ व तुषार वर उठतात, आणि घरगुती यंत्रांत ठिणगीपासून बचाव करण्याची कांहींहि योजना नसते. हौदांत पाण्याखेरीज दुसरा द्रव ओतावयाचा नाहीं, हा नियम घरांतील मुलांदेखत पाळावा, कारण पुढें तेच हें यंत्र वापरणार आहेत.

दुसरा कार्ब्युरेटर मिळविण्यास तीन आठवडे लागले. पुण्याच्या जुन्या बाजारांत मी एका रविवारीं गेलों, एका बुधवारीं गेलों, पुन्हां रविवारीं गेलों. मिस्त्री स्वतः बरोबर आले आणि भंगाराच्या राशींतून त्याच घडणीचा एक त्यांनीं हुडकून काढला. मळ इतका कीं धातु दिसत नव्हती, पण स्लाइड घट्टहि नव्हती आणि सैलहि नव्हती. "हा नका उकळूं, मास्तर," एवढेंच ते म्हणाले.

ह्या वेळीं मीं घाई केली नाहीं. उघडतांना पायरीपायरीला छायाचित्र घेतलें. हवेचा स्क्रू काढण्यापूर्वीं तो आंत घट्ट बसेपर्यंत किती फेरे घेतो तें मोजून लिहून ठेवलें. तो दीड फेरा होता. रबराच्या कड्या, कागदी गॅस्केट आणि फ्लोट बाजूला काढले; ह्यांना हौदांत जागा नाहीं. जेट निराळे ठेवले. वरचा मळ अंगणांत बसून रॉकेल आणि जुन्या दांतांच्या ब्रशानें काढला, आणि मग साबणानें धुऊन रॉकेलचा वासहि राहूं दिला नाहीं, कारण हौदांत रॉकेल जातां कामा नये हा नियम माखलेल्या वस्तूलाहि लागू आहे. हौदांत साबणाचें पाणी पन्नास अंशांवर आणून तें दहा मिनिटें नुसतेंच चालविलें. ताज्या पाण्यांत हवा विरघळलेली असते आणि ती बुडबुड्यांचा जोर खाऊन टाकते. आधीं ती बाहेर पडूं द्यावी. वस्तु बुडाला टेंकतां कामा नये, म्हणून जाळीची टोपली. दहा मिनिटें एका कुशीवर, दहा मिनिटें दुसऱ्या कुशीवर, मग पाणी बदलून पुन्हां. पहिलें पाणी कोऱ्या चहासारखें झालें. मग ऊन पाण्यानें धुऊन, शेवटचा हात बॅटरींत घालावयाच्या शुद्ध पाण्याचा दिला, कारण जड पाणी वाळलें कीं नव्या पांढऱ्या ठिपक्यांनीं वाट अडवितें. सायकलच्या पंपानें एकेका वाटेंत हवा मारून सुकविलें. पायलट जेट खिडकीकडे धरून पाहिला तर उजेडाचा एक नेमका गोल ठिपका दिसला. तार लागली नव्हती.

उरलेलें घाण पाणी मोरींत किंवा तुळशींत ओतावयाचें नाहीं. त्यांत तेल आणि जस्त असतें. मीं तें कॅनमध्यें भरून मिस्त्रींच्या गॅरेजांत दिलें. तेथें जुनें ऑइल नेणारा माणूस येतो, तो तेंहि नेतो.

खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळीं गाडी अंगणांत घेतली. नवें पेट्रोल, त्यांत तेलाचें माप, नवा प्लग. नवव्या किकला तिनें आवाज दिला आणि सबंध वाड्यांत निळा धूर झाला. अण्णा आरामखुर्ची ओढून ओसरीवर बसले होते. पण चोक बंद करतांच गाडी मरे. मूठ पिळून धरली तर चाले, सोडली कीं बंद. मी म्हणालों, "जुनी गाडी, थोडा वेळ लागेल." अण्णा म्हणाले, "वेळ नाहीं, पायलटची वाट बंद आहे. पुन्हां काढ."

रात्रीं पुन्हां काढला. जेट स्वच्छ होता. पण त्याच्या पुढची, स्लाइडच्या खालीं उघडणारी ती सुईएवढी वाट आंधळ्या बोळासारखी एका बाजूनें बंद होती. दोन्ही वेळां मीं कार्ब्युरेटर आडवा निजविला होता. त्या बोळांत हवा अडकून राहिली आणि ध्वनि तेथें पोंचलाच नाहीं. ह्या खेपेला औषधाच्या पिचकारीनें त्या वाटेंत साबणाचें पाणी भरलें, तोंड वर करून तिरपा धरला, शेवटचा बुडबुडा बाहेर पडलेला पाहिला, आणि मग कळ दाबली. चौथ्या मिनिटाला त्या छिद्रांतून केसासारखा एक तपकिरी धागा निघाला, वळत वळत वर आला आणि पाण्यांत विरला.

सकाळीं हार घालण्यापूर्वीं दुसऱ्याच किकला गाडी सुरू झाली आणि मूठ सोडली तरी चालूं राहिली. अण्णांचा एक कान गेली दहा वर्षें कामाचा नाहीं. त्यांनीं दुसरा कान गाडीकडे केला, बराच वेळ ऐकलें, आणि म्हणाले, "दीड फेऱ्यावर ठेवलास ना? हिला हवा कमी पडते आहे. पाव फेरा बाहेर घे."

मीं घेतला. ठोके एकसारखे झाले.